पुकारा चुकला

“नाव तर धड घ्या ना बे!”

मामांचं हे वाक्य दिवसातून एकदा तरी कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू यायचं. रेडिओवरच्या बाईला, बँकेतल्या फोनला, लग्नपत्रिका छापणाऱ्याला, कोणालाही उद्देशून. मामा म्हणजे आमच्या तालुक्याच्या कोर्टातले शिपाई. कोर्टाची पायरी चढायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर पुकारा काय असतो ते तुम्हाला माहीत असेल. प्रकरणाची पाळी आली की शिपाई दाराशी येऊन पक्षकाराचं नाव तीनदा मोठ्यानं घेतो. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही, तर काम त्याच्या माघारी चालतं आणि निकाल एकतर्फी लागतो.

बाकीचे शिपाई हे काम उरकून टाकत. मामा आधी टोपी काढत, नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघत आणि मगच गळा मोकळा सोडत. “भाऊ, एका नावापायी मानसाची जमीन जाते हो,” ते मला म्हणत. मी आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज टाइप करून देतो. मामांचा पुकारा तिथपर्यंत स्वच्छ पोचायचा, आणि पुढे रस्त्यावर डोणगावची एसटी उभी असली तर तिच्यातही.

प्रज्ञा डोंगरदिवे ही मामांच्या गावची मुलगी. वजन उचलण्याच्या स्पर्धांत भाग घ्यायला तिला जन्माचा दाखला हवा होता आणि जन्माची नोंदच झालेली नव्हती, म्हणून बापलेक कोर्टात आले होते. मामांनी पुकारा केला, तशी ती मुलगी बाकावरून ताडकन उठली आणि शाळेतल्यासारखी हात वर करून ओरडली, “हजर!” न्यायाधीशसाहेबांनाही हसू आवरलं नाही. मामा मात्र हसले नाहीत. “पुकाऱ्याले असंच उत्तर पाह्यजे,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिची प्रत्येक स्पर्धा मामांची झाली.

या स्पर्धा त्यांना सोसत नसत. दोन दिवस आधीपासून डबा तसाच परत जायचा. एकदा बीपीची गोळी दोनदा घेतली म्हणून डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. सामना माझ्या मोबाइलवर लागायचा आणि मामा माझ्याकडे पाठ करून, शेडच्या खांबाला कपाळ टेकवून उभे राहायचे.

“उचललं का?”

“अजून आलीच नाही, मामा.”

“आता?”

“तुम्हीच बघा ना एकदा.”

“नाही हो भाऊ. मी पाह्यलं की वजन पडते तिचं. तुमी सांगत जा.”

वकीलमंडळी चिडवायची. “मामा, ती तुमची लागते तरी कोण?” त्यावर मामा तडकायचे. “आपल्या गावची हाय. अजून काय लागा लागते?”

राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी आली ती नेमकी मधल्या सुट्टीत. माझ्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. या खेळाच्या प्रत्येक प्रकारात तीन संधी असतात. माइकवर नाव पुकारलं की एका मिनिटाच्या आत वजन जमिनीवरून उठलं पाहिजे, नाहीतर ती संधी गेली. मामांना हा नियम फार आवडायचा. “म्हनजे आपलंच कोर्ट हाय हे,” ते म्हणत. पहिल्या दोन संधी प्रज्ञानं चोख घेतल्या. सोन्यासाठी तिसरी राहिली होती, आणि नेमका तेव्हाच माइकवरचा माणूस बदलला.

नवा माणूस काहीतरी बोलला. मंच रिकामाच. कोपऱ्यातलं घड्याळ साठावरून खाली धावू लागलं.

“काऊन गप झाले सारे?” मामांनी खांबाशी विचारलं.

“दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतायत वाटतं,” मी म्हणालो. खरंच, मलाही कळलं नव्हतं. माइकवाला पुन्हा म्हणाला, “प्राद-निया डोंगर-डाइव्ह.”

मामांचा कान आयुष्यभर नावांवर पोसलेला. ते गर्रकन वळले. “बे, हा तिलेच पुकारून राह्यला ना!”

आणि मामांनी टोपी काढली. माझ्या हातातल्या त्या वीतभर मोबाइलसमोर उभे राहून सगळा गळा लावून त्यांनी पुकारा केला. “प्रज्ञा डोंगरदिवेऽ, हाजिर हो!” एकदा, दोनदा, तीनदा. व्हरांड्यातले पक्षकार धडपडत उठले. कोणीतरी आपल्या वकिलाला शोधायला धावलं. शेडमध्ये एकालाही हसू आलं नाही.

घड्याळात नऊ सेकंद उरले असताना प्रज्ञा पळत आली. तिथला नावांचा फलक बंद पडला होता आणि तिचे प्रशिक्षक पलीकडच्या टेबलावर वजनाचा आकडा कळवायला गेले होते, हे नंतर कळलं. हाताला पावडर लावायलाही वेळ नव्हता. वजन खांद्यापर्यंत आलं आणि खाली पडलं.

मामा खाली बसले. “मी पाह्यलं ना भाऊ,” ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि त्या माइकवाल्याचा त्याहून दसपट आला. पाच वर्षं पोरगी रोज पहाटे उठते, आणि हे महाशय तिचं नाव आधी कोणाला विचारून घेण्याची तसदीही घेत नाहीत! वर पेपरात आलं, ‘ऐनवेळी दडपण सोसलं नाही.’ दडपण? तुम्हाला कोणी भलत्याच नावानं बोलावलं तर तुम्ही उठाल का?

दुसऱ्या दिवशी मामांनी मला अर्ज सांगितला, कोर्टाच्या भाषेत. ‘पुकारा योग्य नावाने झाला नाही, सबब एकतर्फी निकाल रद्द होऊन फेरसंधी मिळावी.’ मी तो या खेळाच्या संघटनेला पाठवला. मी तिचं नाव इंग्रजीत टाइप करत असताना मामा पडद्याकडे टक लावून बघत होते.

“भाऊ, ह्या ‘ज्ञ’मंधी हा डी कुठून आला?”

“सगळा महाराष्ट्र असंच लिहितो, मामा. डी, एन, वाय.”

“तिच्या फारमावर कोनं लिहिलं होतं?”

तिचे सगळे कागद मीच टाइप केले होते.

महिन्याभरानं प्रज्ञा स्वतः शेडमध्ये आली. स्पेलिंग बदलायचं प्रतिज्ञापत्र करून हवं होतं, आडनावासकट, म्हणजे बाहेरच्यांना सोपं जाईल. प्रशिक्षकांनीच सुचवलं होतं. मीही मनातल्या मनात सुटलो आणि कीबोर्ड पुढे ओढला. तेवढ्यात मामा आले.

इतके संतापलेले मामा मी पाहिले नव्हते. “तू काऊन बदलवतं? बापानं ठेवलं ना नाव? वजन तू उचलतं, अन् त्याले दोन शब्द नाही उचलत? ज्याले पुकारा करा लागते, त्यानं शिकावं!” मग आवाज खाली आला. “काढ तुया मोबाइल. रेकार्डिंग लाव.” टोपी काढून त्यांनी मोबाइलमध्ये पुकारा केला. “हे आयकव त्या माइकवाल्याले. आधी आयकव, मंग खेळ.”

प्रतिज्ञापत्र राहिलं ते राहिलंच.

मामा गेले. निवृत्तीला चार महिने होते, झोपेतच गेले. आता कोर्टाच्या भिंतीवर लाल आकड्यांची पाटी लागली आहे. प्रकरणाचा नंबर झळकतो आणि जातो. वाचता न येणारी म्हातारी माणसं पाटीखाली बसून राहतात आणि आपली पाळी कधीच होऊन गेली हे त्यांना दुपारी कळतं. सोय झाली म्हणतात. कोणाची?

यंदा प्रज्ञा पुन्हा अंतिम फेरीत होती. शेवटची संधी आली तेव्हा मी मोबाइल एका वकिलाच्या हातात दिला आणि खांबाकडे तोंड करून उभा राहिलो. कपाळ टेकायची जागा तिथे गुळगुळीत झालेली आहे.

माइक खरखरला. मग एक परका आवाज सावकाश, जपून म्हणाला, “प्रज्ञा डोंगरदिवेऽ.” शेवटचा ‘वे’ मामा लांबवायचे तसाच लांबवून. आणि रेकॉर्डिंगमध्ये होतं म्हणून की काय, पुढचंही म्हणाला, “हाजिर हो!”

तिथे हशा उठला. मी वळलो. प्रज्ञा पडद्याआडून येत होती, एक हात शाळेतल्यासारखा वर.

मी बघत असतानाच तिनं वजन उचललं. आमच्या अर्जाला मात्र अजून उत्तर आलेलं नाही.