कोऱ्या पाठीची जर्सी

सगळ्यांच्या जर्सीवर आडनाव होतं. माझ्या जर्सीवर नुसता नंबर.

पॉइंट कुकच्या मैदानाबाहेर, कार पार्कमध्ये, मकरंदच्या गाडीच्या डिकीतून एकेक जर्सी निघत होती. मकरंद आमच्या सॉफ्टबॉल टीमचा कॅप्टन. बोस्टनला नोकरी करून मेलबर्नला आलेला, म्हणून टीमचं नावही बोस्टन. पाठीवर अमेरिकन टीमसारखी मोठी अक्षरं. कुलकर्णी. गोखले. देशमुख. लोक पाठमोरे उभे राहून फोटो काढून घेत होते. मी माझी जर्सी उलटसुलट करून पाहिली.

"माझं नाव राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं नाही गं," मकरंद हसला. "मुद्दामच नाही घातलं. फोटो इंडियात जातात, फॅमिली ग्रुपवर. उगाच लोक विचारतात. मेघनाच म्हणाली, तुलाच ऑकवर्ड होईल."

मेघना.

तिच्या बाळंतपणात तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही. एज्ड केअरमधली, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेची शिफ्ट संपवून मी तिच्याकडे जायचे. तिच्या बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घातली ती मी. डिंकाचे लाडू केले. ती माझ्या ताटात जेवली. माझ्या खांद्यावर रडली. तिचा अर्णव मला मावशी म्हणतो.

आडनाव तिला तेव्हाही माहीत होतं. घरात चालत होतं. फोटोत, चारचौघांत नाही.

ती बुटाची लेस बांधत होती. बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधत होती.

"मेघना, खरं आहे?"

"अगं, सासूबाई बघतात ना फोटो," ती खाली मान घालूनच म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस. नंबर छान दिसतोय."

समोरची टीम वॉर्मअप करत होती. मकरंदनं बॉल माझ्या हातात दिला. "चल, नंतर बोलू. पिचिंग तुलाच करायचंय."

अमरावतीला शाळेपासून सॉफ्टबॉल खेळलेली मी. बाकीचे इथं येऊन शिकले, अर्धे माझ्याकडूनच. म्हणजे हात पाहिजे. आडनाव नको.

"नाही टाकणार," मी म्हटलं. बॉल त्याला परत दिला, जर्सी डिकीत फेकली. सगळे मैदानाकडे बघत राहिले, जणू तिथं काही चाललंय.

अर्णव माझ्यामागे धावत आला. "मावशी, वेअर आर यू गोइंग?"

"अर्णव! कम हिअर!" मेघनाची हाक आली. तो थांबला. मग वळून गेला.

तिथं मी मोडले.

माझी मुलगी प्रज्ञा गाडीत मागच्या सीटवर बसली होती. खिडकी उघडी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मम, व्हॉट्स राँग विथ अवर नेम?"

हा प्रश्न तिला कधी पडू नये म्हणून तर आम्ही इतक्या लांब आलो होतो.

मी तिला सांगितलं. सगळं. मराठीत. आजोबांना गावच्या विहिरीवर चढू द्यायचे नाहीत ते. तिच्या बाबांच्या तिकडच्या ऑफिसातला वेगळा कप. ती रडली नाही. ती म्हणाली, "अँड मेघना मावशी?"

मी फोन काढला.

तिथंच बसून मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं. काय झालं, कोण काय म्हणालं. नावानिशी. सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही. संध्याकाळी मकरंदचा फोन आला. "डिलीट कर ते. टीमची बदनामी होते. तू शांतपणे ग्रुप सोड, मग बघू."

मेघनाचा फोन आला नाही. अजून नाही. फोन वाजला की मला अजूनही तीच वाटते. हातातलं टाकून धावते मी. तीही लाज आता गिळायची नाही, म्हणून लिहिते.

मेसेज मी डिलीट करणार नाही. ग्रुप सोडणार नाही. शनिवारी प्रज्ञाला घेऊन मैदानावर जाणार, टीममधल्या माझ्या जागेवर उभी राहणार. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. सगळ्यांदेखत. कारण तोंडानं सांगून.