एक गेम, दोन मशिनं

गिऱ्हाइकं कमी झाली की किस्से वाढतात. इथे उत्तरेत, दूधविनायकच्या गल्लीत माझं आणि माझ्या मावसभावाचं, विष्णूदादाचं, गेम पार्लर आहे. म्हणजे, अजून आहे! हल्ली तिथे खेळण्यापेक्षा बोलणंच जास्त चालतं.

दादा घरची भिक्षुकी सोडून या धंद्यात आला. पहिलं मशीन आलं तेव्हा मावसोबांनी रीतसर पूजा सांगितली. आठवड्याभरात कॉलेजचे चौघे एका नव्या गेमचं नाव घेऊन आले. दादा म्हणाला, "वो दूसरी कंपनी की मशीन पर ही चलता है." चौघे पायरी उतरले. एकजण वळून म्हणाला, "तो पूजा इसकी काहे किए, भैया?"

मग दादाने स्कूटर विकून दुसऱ्या कंपनीचंही मशीन आणलं. चार महिने झाले नाहीत तोच गेम फक्त त्यांच्याकडेच ठेवायचा करार संपला आणि तोच गेम पहिल्या मशीनवरही आला! वहिनी एवढंच म्हणाली, "त्या दोघींचं जमलं. तुम्ही मात्र पायी."

बँकेत बदली होऊन आलेल्या एक नागपूरच्या मॅडम शनिवारी यायच्या. एका गेमचे दोन भाग त्यांनी आमच्याकडेच संपवले. नंतर पहिल्या कंपनीचं जुनं मशीन बिघडलं. दुरुस्तीचा खर्च नको म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीचं तेवढं एकच ठेवलं. नेमका तिसरा भाग फक्त पहिल्या कंपनीच्या मशीनवर निघाला. मी सांगितलं, "मॅडम, गेम बनवणारी मंडळीच त्या कंपनीने विकत घेतली."

"म्हणजे माहेरच तुटलं म्हणा की!"

आम्ही खूप हसलो. त्या पुन्हा आल्या नाहीत.

एकदा दादाने वैतागून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून विचारलं, "सर, मशीन एक बार बंद करके चालू किया?"

दादा ओरडला, "मशीन चालू है! दुकान बंद हो रही है!"

"ठीक है सर. और कोई सहायता?"

आणि गोडबोलेकाका. रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. रोज चार वाजता येऊन ते पुण्यातल्या आपल्या मुलाशी ऑनलाइन कार रेस खेळायचे. तो त्याच्या घरून, हे इथून. काका दरवेळी भिंतीवर गाडी आपटायचे. कानातल्या हेडफोनमधून मुलगा हसायचा, काकाही हसायचे.

आमचं पहिलं मशीन गेलं आणि ते थांबलं. मुलाचं मशीन पहिल्या कंपनीचं. रेस दोन्हीकडे आहे, पण इकडचा तिकडच्याशी खेळू शकत नाही.

मी काकांना दोनदा समजावलं. तरी ते चारला येतात, हेडफोन लावतात. स्क्रीनवर 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत' असं इंग्रजीत येतं. काका बघत बसतात.

परवा न राहवून दादा म्हणाला, "काका, तो इथे नाही येऊ शकत. फोन करा ना त्याला."

काकांनी हेडफोन जरा बाजूला केला.

"फोनवर काय बोलायचं रे त्याच्याशी?"