पुढच्या सीटवरचे बाबा

नवीन सून फारशी बोलत नाही, त्यामुळे बाकीचे तिच्यासमोर मोकळेपणी बोलतात आणि किस्से तिच्याकडे आपोआप साठत जातात. माझ्याकडचे बहुतेक आमच्या गाडीतले आहेत. आणि त्यांतल्या बऱ्याचशांना कारण मीच आहे.

आम्ही ऐरोलीला राहतो. सासरे, म्हणजे बाबा, मूळचे जासईकडचे. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण पुढे बसून रस्ता तेच सांगायचे. लग्नानंतर माझ्या नवऱ्याने, निखिलने, गाडीत स्क्रीनवाला स्टिरिओ बसवला. माझा फोन नवा, म्हणून तोच जोडला. नकाशाचा आवाज मी हौसेने मराठी केला.

पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "डावीकडं घे." आवाज म्हणाला, "उजवीकडे वळा." निखिल उजवीकडे वळला.

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. "ही कंच्या गावची?"

*

उलव्याला जाताना एकदा जीपीएस गंडलं. स्क्रीनवर आमची गाडी थेट निळ्या पाण्यात.

"बाबा, बुडालो आपण," निखिल म्हणाला.

"बराबर दावते ती. हितं खाडीच व्हती. भराव मागून टाकला."

आम्ही दोघं खूप हसलो. बाबा हसले नव्हते, हे मला घरी आल्यावर आठवलं.

*

मग एका फ्लायओव्हरखाली नकाशा अडकला. समोर दोन रस्ते, मागे हॉर्न.

"बाबा, कुठून?"

"मना काय इचारतस? तिला इचार."

पुढच्या वेळी ते स्वतःहून मागे बसले. "बाय, तू म्होरं बस. फोन तुजा हाय."

मी नको म्हणायला हवं होतं. सीट त्यांच्या मापाने मागे सरकवलेली होती. मी ती पुढे ओढून घेतली.

*

बाबा खूप वर्षांत गावी गेले नव्हते. तिथून पूजेचं आमंत्रण आलं. निघतानाच मी गुपचूप ब्लूटूथ बंद केलं. "कनेक्टच होत नाहीये," म्हटलं, आणि बाबांना पुढे बसवलं. निखिलचा फोन घरी चार्जिंगलाच राहिला होता. "बाबांच्या गावाला कसला नकाशा?" तो म्हणाला.

हायवे सुटेपर्यंत बाबांनी सगळं बरोबर सांगितलं, अगदी खड्ड्यांसकट. मग दोन्ही बाजूंना बंदरावरचे कंटेनर सुरू झाले, एकावर एक रचलेले. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्यांदा त्याच यार्डाच्या गेटसमोर आलो, तेव्हा निखिल वॉचमनला विचारायला खाली उतरला.

बाबा समोरच बघत होते. मान न वळवता हळूच म्हणाले, "बाय, चालू कर तुजा फोन. त्याला नको सांगू."