न काढलेल्या नळीची हकिकत

खडा काढल्यावर मूत्रनलिकेत घातलेली नळी तीन आठवड्यांनी काढून घ्यायची होती. मी ती आठ महिने आतच ठेवली आणि घरी सांगितलं, काढली.

एवढं लिहून थांबलो तरी हकिकत पुरी होते. पण मग माझा मूर्खपणा फारच किरकोळ वाटेल, आणि तो किरकोळ नव्हता.

चकलांब्यात माझं ठिबकचं दुकान आहे. नळ्या, फिल्टर, तोट्या, जोडण्या. उन्हाळ्यात एका दुपारी डाव्या कुशीत अशी कळ आली की मी काउंटरवर आडवा झालो. बीडला नेलं. सोनोग्राफीत दिसलं की किडनीतून निसटलेला खडा खाली नलिकेत अडकलाय, त्याच्यामागं लघवी तुंबलीय आणि डावी किडनी फुगलीय. डॉक्टरांनी दुर्बीण घालून लेसरनं खडा फोडला. नलिका आतून सुजली होती, ती मिटू नये म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत वीतभर बारीक नळी ठेवली. "ती काढायला यायचं. पाच मिनिटांचं काम आहे. भूल द्यायची गरज नाही," असं म्हणाले.

त्या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला. भूल नाही म्हणजे मी जागा. आणि ते सगळं ज्या वाटेनं होणार होतं, त्या वाटेचा विचारही मला जागेपणी करवत नव्हता.

तीन आठवड्यांनी एकटाच बीडला गेलो. बायको येते म्हणत होती. मी म्हणालो, "पाच मिनिटांच्या कामाला जत्रा कशाला?" बाकावर माझ्यापुढं एक दणकट गडी बसला होता, मिशा अशा की बघणाऱ्यानं वाट सोडावी. तो आत गेला आणि दार लागल्याबरोबर आतून "आयाया" असा आवाज आला. त्याचं काय दुखत होतं देव जाणे. मी सिस्टरला म्हणालो, "पाणी पिऊन येतो." पाणी प्यायला मी थेट बस स्टँडवर गेलो. उसाचा रस प्यालो, एक सोडून दोन ग्लास, आणि गेवराईची गाडी धरली.

घरी पाऊल टाकलं तशी बायकोनं विचारलं, "निघाली का?"

"निघाली."

"दुखलं का लई?"

आता इथं मी नुसतं 'न्हाई' म्हणून गप बसायला हवं होतं. पण आमच्या जिभेला तेवढ्यावर भागत नाही. मी नळीचा रंग सांगितला, लांबी सांगितली, डॉक्टर कसे म्हणाले की असा धीराचा पेशंट पाहिला नाही, तेही सांगितलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तीच गोष्ट सांगितली. आठवडाभरात गावात माझ्या नळीची माहिती नसलेला माणूस उरला नाही. दवाखान्यातून सिस्टरचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा "पेरण्या उरकू द्या" म्हणालो. दुसऱ्यांदा आवाज बदलून "राँग नंबर" म्हणालो.

पावसाळाभर आतून टोचत राहिलं. लघवी करताना कळ खालून वर कुशीत चढायची. दुकानामागच्या मोरीत गेलो की मी भिंतीला हात टेकून डोळे मिटायचो आणि मग उघडून रंग बघायचो. कधी स्वच्छ, कधी गढूळ, कधी गाजर धुतल्यासारखा लालसर. लघवी स्वच्छ दिसली की वाटायचं, नळी आपोआप विरघळली असेल. प्लास्टिकची नळी विरघळत नाही हे तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी वाटायचं.

बायकोला तेवढं दिसत होतं की हा माणूस लघवीला जाताना तोंड पाडून जातो. तिला वाटलं, नवा खडा होतोय. कुणीतरी सांगितलं, टोमॅटोच्या बिया बाधतात. तिनं सगळ्या घराचा टोमॅटो बंद केला. मग पालक बंद. रोज रात्री धने भिजवून सकाळी ते पाणी माझ्यापुढं धरायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्याच हातचं कायतरी बाधतंय तुमाला." मी समोर बसून भाकरी खात होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तसं काही न्हाई, आणखी थोडं वरण वाढ."

दिवाळीच्या सुमारास एक धनगर मामा दुकानात आले. मोकळ्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. पाण्याच्या टाकीची तोटी घेतली आणि तरी जाईनात. मग हळूच म्हणाले, "शेट, मलाबी नळी घातलीय. काढायची तारीख आली. तुमी काढून आलता म्हनं. खरं सांगा, दुखतं का?"

मी खुर्चीत सावरून बसलो. "मामा, मुंगी चावते का, तेवढंच. आन् ठेवू नका बरं का आत. लई वंगाळ."

चार दिवसांनी मामा मुद्दाम वाट वाकडी करून आले. "शेट, तुमी म्हनलं तसंच. मुंगीच. मी उगं कावून भ्यालो काय म्हाईत! तुमच्यामुळं गेलो, न्हाईतर गेलोच नसतो."

मामा निघून गेले आणि मी तसाच बसलो. म्हणजे दुखत नव्हतं. मी जे थाप म्हणून ठोकत होतो ते खरं होतं. मग उठून बीडला जायला काय हरकत होती? पण आता भीती दुखण्याची राहिली नव्हती. सहा महिने कुठं होतात, असं डॉक्टर विचारतील, ही होती. आणि घरी काय सांगणार? काढलेली नळी परत काढायला चाललो म्हणून? उद्या जाऊ म्हणता म्हणता संक्रांत गेली.

एका दुपारी दुकानात हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. बाहेर लख्ख ऊन आणि मी दोन पोती अंगावर ओढून बसलेलो. लघवी सकाळपासून चमचाभर झाली होती. बायकोनं कपाळाला हात लावला आणि शेजारच्याला जीप काढायला लावली. वाटेत तिनं माझा हात सोडला नाही. मी मनात हिशोब मांडत होतो, आधी किडनी जाईल की आधी खोटं उघडं पडेल. खरं सांगतो, त्या घटकेला मला दोन्हींची भीती सारखीच वाटत होती.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला. नळी आत दिसत होती आणि तिच्या दोन्ही टोकांना पांढरे गोळे धरले होते. बोअरचं जड पाणी चालवून न धुतलेली नळी गिऱ्हाईक दुकानात आणतं तेव्हा ती अशीच दिसते. "हंगाम संपला की धुवून घ्या की, किती वेळा सांगू," असं म्हणत मी त्यांना झापत असतो.

"ही नळी काढली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या आधी बायको बोलली. "काढली की सायब. पेरणीच्या आधीच काढली. डागदर यांना शाबास म्हनले, इतके धीरानं बसले. साऱ्या गावाला ठाऊक हाय."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मग तीही बघायला लागली. मी एक्स-रेकडं बघत होतो, कारण त्या खोलीत तेवढीच जागा उरली होती. तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला आणि डॉक्टरांना विचारलं, "किडनी ऱ्हाती का जाती?"

"आत्ता सांगता येणार नाही. आत पू झालाय. आधी पाठीतून नळी घालून तुंबलेलं बाहेर काढू, ताप उतरू दे. मग वरचे खालचे खडे फोडून जुनी नळी सोडवू. राहिली तर नशीब."

पाठीतून नळी घातली, कमरेला पिशवी लागली. ताप उतरायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत बायको बोलायची ती फक्त पिशवीशी. पिशवी भरली का, रंग कसा, किती झालं, सगळं बघायची, सिस्टरला सांगायची आणि पुन्हा खिडकीपाशी बसायची. मी एकदा म्हणालो, "अगं, ऐक की." ती उठून पिशवी बघून आली. मला वाटलं, किडनी राहील न राहील, हे माणूस काही आता माझं राहत नाही.

दोन ऑपरेशनं झाली. आतून सुटली ती नळी दगडाची काडी झाली होती. पुन्हा एक नवी नळी ठेवली, आणि ती काढायच्या तारखेचा कागद डॉक्टरांनी माझ्या हातात न देता तिच्या हातात दिला. त्या तारखेला सकाळी उठायच्या आधी माझे कपडे बाहेर काढून ठेवलेले होते. नळी निघाली. ट्रेमध्ये ठेवलेली तिनं वाकून दोन्ही टोकांनी नीट बघितली.

महिन्याभरानं डाव्या किडनीची तपासणी झाली. रिपोर्ट यायला दोन तास होते. त्या दोन तासांत मी उठून सतरा वेळा पाणी प्यालो, खरोखर पाणी प्यालो, आणि दर वेळी परत येऊन तिच्या शेजारी बसलो. डॉक्टरांनी आत बोलावलं. रिपोर्ट वाचत वाचत म्हणाले, "वाचली. पहिल्यासारखी नाही, थोडं काम कमी झालंय. पण वाचली."

माझ्या अंगात एकदम हवा आली. म्हणालो, "मला वाटलंच होतं डॉक्टर. आता बघा, रोज भरपूर पाणी पितो, वेळेवर तपासणीला येतो, शब्द देतो—"

बायको खुर्चीवरून पुढं सरकली. "सायब, मला कागदावर लिहून द्या सगळं. जेवलो म्हनले तरी मी आता यांचं ताट बघून येते."