चंदेरी शीटच्या वरचं वायफाय

मंगळवार, एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी साडेदहा. ठिकाण: सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याचं गोदाम. हजर: कारखान्याचे मॅनेजर, त्यांचे वायरमन, गोदामात स्कॅनर चालवणाऱ्या बाई आणि मी. गैरहजर: सिग्नल.

मोठ्या इमारतींचं वायफाय आखायचं, बसवायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं, हा माझा वीस वर्षांचा धंदा. हे गोदामही मीच आखलं होतं, जानेवारीत. छताचा पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना सहा एपी लावले. एपी म्हणजे थाळीएवढी पांढरी डबी. तिच्यातून सिग्नल खाली सुटतो. मोजणी मी गठ्ठे छताजवळ रचलेले असताना केली, कारण रिकामं गोदाम मोजून फसलेले लोक मी पाहिले आहेत. शेवटच्या रांगेपर्यंत सिग्नल चांगला होता. तशी नोंद वहीत आहे.

मार्चच्या अखेरीस तक्रार आली. बाई गठ्ठ्यावरचा बारकोड वाचतात, स्कॅनर पीं करतो, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो गठ्ठा दिसत नाही. मी घरूनच लॅपटॉप उघडला, सहाही एपींसमोर हिरवा ठिपका पाहिला आणि एका ओळीचा मेल टाकला: नेटवर्कमध्ये दोष नाही. पाच मिनिटांत काम उरकलं म्हणून यादीतल्या त्या ओळीवर काट मारली. हिरवा ठिपका म्हणजे डबीपर्यंतची वायर जिवंत आहे, एवढंच. डबीतून खाली काय पोचतंय, ते त्यातून कळत नाही. हे मी नव्या लोकांना शिकवते, आवाज चढवून.

तिसऱ्या तक्रारीला स्वतः गेले.

"मॅडम, तुमच्याकडून काही नाही, तुम्ही लेखीच दिलंय," मॅनेजर दारातच म्हणाले. "प्रॉब्लेम ह्या बाईंचा आहे. दर दहा मिनिटांनी उठून दारात. गप्पा मारायला."

"कुणासंगं मारू गप्पा? वॉचमनला ऐकायला येत न्हाय," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्याडम, आत नुसतं पीं करतंय. दारात येऊन हात वर केला की मग जातंय. तवा येती मी."

म्हणजे दोष कुठे आहे हे बाईंनी शोधून ठेवलं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आत गेले आणि वर पाहिलं. छत नव्हतंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चंदेरी, लग्नाच्या मांडवासारखं.

"हे काय आहे?"

"उन्हाळा हाय की मॅडम," वायरमन म्हणाले. "पत्रा लई तापतोय. शेठनी शीट मारून घेतली. आता बघा कसं गार वाटतंय!"

"आणि माझे एपी?"

"हायेत की. वरच हायेत. येकालाबी हात लावला न्हाय. कैच्यांच्या खालनं शीट ताणली, म्हंजी त्यांच्यावर धूळबी बसायची न्हाय."

ऊन परतवणारी ती शीट ॲल्युमिनियमच्या मुलाम्याची. ती सिग्नलही परतवते; दाराच्या वर फट राहिली होती, तेवढ्यातून काय झिरपेल ते. महिनाभर माझे सहा एपी पत्रा आणि शीट यांच्यामधल्या पोकळीत इमानेइतबारे वायफाय पुरवत होते, पालींना.

"पण हिरवा तर दाखवतोय ना?" मॅनेजरांनी विचारलं. मी वायरमनना शिडीचा घोडा आणायला सांगितला.

दिवसभर एकच काम. शीटला बेताचं भोक पाडायचं, त्यातून पाइपाचा तुकडा सोडायचा, एपी खाली लटकवायचा. वायरमन घोड्यावर, मी खालून ओरडतेय. पाचपर्यंत सहाही खाली आले. बाई शेवटच्या रांगेत गेल्या आणि स्कॅनर चालवला. मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर, फोन कानाला.

"आलं का?"

"आलं."

विश्वास बसेना म्हणून त्यांनी तोच गठ्ठा तीनदा वाचला.

मग मॅनेजरांनी कागद दाखवला. उद्यापासून बाईंची बदली शिलाईत, टॉवेलच्या कडा मारायला. शेठची सही, आणि मागे पुरावा म्हणून जोडलेली माझ्या मेलची प्रिंट.

"सायेब, शिलाईतनंच मणका गेला माजा," बाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी मानेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टर म्हनले, मान खाली घालून बसायचंच न्हाय. म्हणून तर स्कॅनर मागून घेतला."

"तो मेल चुकीचा होता," मी म्हणाले. "मी न बघता लिहिला."

"तसं कसं मॅडम? एक्स्पर्ट तुम्ही. आता ऑर्डर फिरवायला शेठच पाहिजेत."

त्याच संध्याकाळी मी शेठना पत्र लिहिलं: दोष नेटवर्कचा होता, तो न पाहता पहिला मेल लिहिला ही चूक माझी, बाईंची काही चूक नाही. उत्तर आलं नाही. फोन केला तर "बघतो" म्हणाले.

त्याला तीन आठवडे झाले. स्कॅनर आता दुसरी मुलगी चालवते. परवा मॅनेजरांचा फोन आला, आवाज खूश. "बघा मॅडम, एकही गठ्ठा चुकत नाही. माणूस बदललं की काम सुधारतं. मी म्हणत नव्हतो?"

मी त्यांना वार सांगितले. एपी मंगळवारी खाली आले, मुलगी बुधवारी लागली. ते म्हणाले, "असेल, पण मुलगी हुशारच आहे."

शीटच्या आधीची आणि नंतरची मोजणी, असे दोन कागद काढून ठेवलेत. ते शेठपुढे ठेवायचे आणि ऑर्डर रद्द झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा शेठ बाहेरगावी. बाई पट्टा लावून अजून शिलाईतच बसतात.