हिरवी खूण

मेहकरच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर लॅपटॉप, त्यावर चौकोन आखलेला जिल्ह्याचा नकाशा. जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांचा एकूण धूर कोणत्या चौकोनात किती धरायचा, हे एक सॉफ्टवेअर वाटून देतं. ते वाटप तपासणं हे यांचं काम. सगळ्या चौकोनांची बेरीज एकूण धुराशी जुळली की पडद्यावर हिरवी खूण येते. ती आली की हे गृहस्थ जास्तच अस्वस्थ होतात आणि खिडकीबाहेर भट्ट्या शोधू लागतात.

"बेरीज जुयली हो ताई, पन धूर कुठी हाये?"

काल मी सहज त्यांना नकाशावर लेकीची शाळा दाखवली. आमच्या गावाबाहेर, माळावर. त्या चौकोनात धूर शून्य होता. मला हायसं वाटलं. म्हणजे तिचा खोकला थंडीचाच.

"या सॉफ्टवेअरनं धूर वस्ती पाहून वाटला," ते पुटपुटले. "माळावर घरं नाहीत, म्हून धूरबी नाही. पन भट्ट्या तं माळावरच असतात."

पुढं जायचं सोडून ते माझ्याबरोबर उतरले आणि शाळेपर्यंत आले. शाळेच्या भिंतीवरून त्यांनी आपला पांढरा रुमाल फिरवला. तो काळा झाला.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ताई, पोरगी खोकलते काय?"