लोखंडी पायाची बाई

स्टुडिओत तिला सगळे पावलंबाई म्हणत. पडद्यावरचं माणूस चालतं तेव्हा आपल्याला जी पावलं ऐकू येतात, ती बहुतेक वेळा त्या माणसाची नसतातच. नंतर कुणीतरी अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत आपल्या पायांनी ती काढलेली असतात. ते काम हिचं. खोलीत फरशीचा तुकडा, लाकडी फळ्यांचा तुकडा, वाळूची पेटी, खडीची पेटी आणि भिंतीशी मांडणीवर नाना तऱ्हेचे बूट नि चपला. नायिका निघाली की हिच्या पायात उंच टाचा, खुनी निघाला की नाल ठोकलेला बूट. खुन्याच्या चालीत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लोक म्हणायचे, कान उपजत तयार आहे, देणगीच ती. उपजत कसला डोंबलाचा. तो कान दादानं तयार केला होता, आणि त्याबद्दल ती त्याला आयुष्यभर दातओठ खात आठवत आली होती.

ती शाळेत जायला लागली होती तेव्हा दादाला मिसरूड फुटत होतं. आईवडील दोघं कामावर, त्यामुळे दुपारची बहीण दादाच्या गळ्यात. दादाला मित्रांत जायचं असे आणि ही शेपटासारखी मागे. तेव्हा त्यानं डोकं लढवलं. तो तिला एक सिनेमा दाखवायला घेऊन गेला. त्यात एक बाई होती, तिचा एक पाय लोखंडाचा. ती घराच्या बोळातून फिरायची आणि जे मूल पलंगावरून पाय खाली टाकेल त्याला ओढून न्यायची. सिनेमात ती नुसती मुलांना न्यायची. पलंगाची अट दादानं घरी येताना वाटेत जोडली.

दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की दादा बोळात जायचा. एका हातात वडिलांचा बूट, दुसऱ्या हातात खिडकीचा मोडका गज. बूट आपटायचा, गज फरशीवरून ओढायचा. टक्, घर्रर्र. टक्, घर्रर्र. दोन-चार फेऱ्या झाल्या की स्वारी दार लोटून खेळायला पसार. ही पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आवाज थांबला म्हणजे बाई गेली, की दाराशी उभी राहून ऐकतेय, हे कसं कळणार? म्हणून ती सगळी दुपार नुसती ऐकत बसायची. नळ ठिबकला तर ऐकायची, पाल सरकली तरी ऐकायची. तहान लागली तर तहान गिळायची. आणि एकदा जे गिळता येत नाही ते झालं. गादी भिजली.

दादा परतला तेव्हा ती त्याच्या शर्टाला लोंबकळली. कुणाला सांगू नकोस म्हणाली. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “नाही सांगणार.”

संध्याकाळी सगळे जेवायला बसले आणि त्यानं अभिनयासकट सांगितलं. वडिलांना हसता हसता ठसका लागला. आई म्हणाली, मनाचे खेळ असतात गं, आणि गादी उन्हात टाकायची राहिली म्हणून हिलाच रागावली. त्या दिवसापासून तिचं नाव ओली पडलं. मावशीकडे ओली, शेजारी ओली. तिचं लग्न ठरलं तेव्हा दादानं तिच्या सासऱ्यांना टाळी देऊन सांगितलं की हिला मेणकापडासकट घेऊन जा. मंडळी पोट धरधरून हसली. तीही हसली, कारण नवरीनं दुसरं काय करायचं?

पण मनात तिनं डूख धरला होता. तिला दादाची माफी नको होती. माफी काय, तो हसत हसत मागून मोकळा झाला असता. तिला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा त्या पलंगावर बसावं. एकदाच, आणि पाय खाली टाकायची सोय नसावी.

तो योग आला साठीनंतर. दादा पंखा पुसायला स्टुलावर चढला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, उठायची बंदी. वहिनी नोकरीवर, मुलगा-सून वेगळी राहायची. वहिनीनं नणंदेला फोन केला, की दुपारचं कुणी लागतं हो, तुमचं काम तर बरेचदा सकाळीच आटोपतं. पावलंबाई म्हणाली, येईन की.

त्या घरात तिचं काम नेमकं काय हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. दादाचा समज होता की ती कुठल्याशा रेकॉर्डिंग कंपनीत फुटकळ काहीतरी करते. फुटकळ तर फुटकळ. पहिल्या दिवशी ती खरोखरच चांगल्या मनानं गेली होती. उशी सारखी केली, लघवीचं भांडं हाताशी ठेवलं, संत्रं सोलून दिलं. तेवढ्यात नवी सूनबाई सासऱ्यांना बघायला आली आणि दादाची कळी खुलली.

“ही माझी बहीण, ओली. नाव कसं पडलं माहीत आहे का तुला?”

झालं, पुन्हा तीच गादी, तेच मेणकापड. सूनबाई बिचारी हसावं की नाही या विचारात पडली. पावलंबाई दादाच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या एक लक्षात आलं आणि तिची कानशिलं तापली. दादाला फक्त गादी आठवत होती. ती बाई, तो बूट, तो गज, यांतलं काही त्याच्या गावीही नव्हतं. जिच्या भीतीनं हिचा जन्म गेला, जिच्यामुळे म्हातारपण आलं तरी ही पलंगाखाली वाकून पाहिल्याशिवाय पाय खाली टाकत नव्हती, तिला तो साफ विसरला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मांडणीवरचा नाल ठोकलेला बूट पिशवीत घातला. बरोबर लोखंडाची एक पट्टी.

दादाला सांगितलं, बाजारात जाऊन येते. पुढचं दार उघडलं, धाडकन लावलं, आणि आतच राहिली. चपला काढल्या. डाव्या पायात बूट घातला, उजव्या घोट्याला पट्टी बांधली. बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. टक्, घर्रर्र.

आतून आवाज आला, “कोण आहे?”

ती उत्तर कशाला देते? थोडा वेळ चालली, मग सगळं काढून पिशवीत कोंबलं, सकाळीच आणून ठेवलेली भाजी हातात घेतली, दार पुन्हा वाजवलं आणि आत आली. दादानं विचारलं, बाहेर कुणी होतं का गं? ती म्हणाली, नाही बाई. असं पुढे रोजच चाललं. दादानं वहिनीला सांगितलं, तर वहिनी म्हणाली गोळ्यांमुळे होतं तसं, मनाचे खेळ. हे ऐकताना पावलंबाई चहा गाळत होती आणि कितीतरी वर्षांत चहाला एवढा चांगला वास आला नव्हता.

एक खंत मात्र तिला होती. आपण भ्यायचो तेव्हा आवाज जवळ यायचा. तिच्या हातून ते होत नव्हतं. उभा जन्म स्टुडिओत जागच्या जागी पावलं टाकण्यात गेल्यामुळे तिचे पाय उभ्या जागीच पडायचे. बोळात कितीही ठरवलं तरी बूट पायात गेला की ती एका फरशीवर खिळायची. तिला वाटलं, हात तिच्या मायला, एवढं करून रंग कच्चाच राहणार.

मग एके दुपारी दादानं तिची ओढणीच धरली. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. म्हणाला, बाजारात नको जाऊस. ती म्हणाली, आलेच.

“ओले, ऐक. ती येत नाही गं. चालते, चालते, पण जवळ येतच नाही. आली असती तर परवडलं असतं.” मग म्हणाला, “आपण लहानपणी एक सिनेमा पाहिला होता ना? लोखंडी पायाची कुणीतरी होती.”

“मला नाही आठवत,” ती म्हणाली आणि ओढणी सोडवून घेतली.

त्या दिवशी ती बोळात चालली तशी कधीच चालली नव्हती. चालता चालता तिला आठवलं, धुतलेलं भांडं मोरीतच राहिलंय, त्याच्या हाताशी ठेवलं नाही. मुद्दाम नव्हतं केलं. पण आठवल्यावर थांबलीही नाही. आतून हाक येईना, खोकला येईना. ती न येणारी हाक तिला चांगली ओळखीची होती. आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळू नये म्हणून माणूस श्वाससुद्धा चोरून घेतो.

खोलीत आली तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादर भिजली होती. तिनं ती काढली, अंग पुसलं, कोरडी चादर घातली. हात कुठेही जोरात लावला नाही. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला त्याची दया आली नाही. यायला हवी होती, असं तिला नंतरही कधी वाटलं नाही.

“तुझ्या वहिनीला सांगू नकोस,” दादा म्हणाला. “पोरांना तर नकोच.”

पावलंबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. अगदी गोड आवाजात म्हणाली, “नाही सांगणार.”

त्या शब्दाची किंमत काय, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढचे दिवस ती कुणाशी बोलायला तोंड उघडायची आणि दादाचा जीव टांगणीला लागायचा. ती म्हणायची, वहिनी, मीठ संपलंय. आणि दादा श्वास सोडायचा. ओली हे नाव मात्र त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नाही. बोळही शांत झाला होता. बूट परत मांडणीवर गेला होता, आता त्याची गरज राहिली नव्हती.

रविवारी मुलगा-सून आली. दादाला उठता येईना म्हणून सगळ्यांनी ताटं त्याच्याच खोलीत आणली. जेवता जेवता सूनबाईनं सहज विचारलं, “आत्या, तुम्ही नेमकं काम काय करता हो? मला कुणाला सांगताच येत नाही.”

पावलंबाईनं सांगितलं. पडदा, पेट्या, बूट, सगळं. पोरं घास विसरून ऐकत होती. सूनबाईला प्रश्न पडला, की एवढ्याशा खोलीत मग लांबलांब चालायचं कसं?

“चालायचंच नाही. माइक समोर असतो. जागच्या जागी पाय टाकायचे. जवळ आणायचं, लांब न्यायचं, ते पलीकडचा माणूस बटणं फिरवून करतो. आम्ही कुठं येत नाही की जात नाही.” तिनं घास केला. “आता तर अशी सवय झालीय, कुठंही बूट घातला की पाय तिथंच पडतात.”

दादाचा हात ताटात थांबला. त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि बघतच राहिली, त्याला पुरतं कळेपर्यंत. त्याचे ओठ हलले. पण बोळातल्या आवाजाचं सांगायचं म्हणजे त्यापुढच्या चादरीचंही सांगावं लागलं असतं, आणि समोर सूनबाई बसली होती.

“काय झालं हो?” वहिनीनं विचारलं.

“काही नाही.”

“घसा कोरडा पडला असेल,” पावलंबाई म्हणाली. “पाणी देऊ का रे दादा?”

“नको.”

तिनं तरीही पेला काठोकाठ भरला आणि त्याच्या हाताशी ठेवला.